बाहेरकाठा : पाम बीच मार्गावरचे चार दिवस

पहिला दिवस : फाल्गुन शुद्ध द्वितीया

ज्याचे सारे आयुष्य ठाण्याच्या नौपाड्यात गेले आहे, त्याच्या मनात देखण्या रस्त्याची व्याख्या ठरून गेलेली असते. देखणा रस्ता म्हणजे राम मारुती रोड. दोन्ही बाजूंना दुकाने, पिशव्या सांभाळत त्यांतून बाहेर पडणारे ओळखीचे चेहरे, दिवाळीच्या पहाटे नव्या कपड्यांत उभी असलेली तरुण मुले आणि शंभर पावलांच्या वाटेला अर्धा तास लावणारे नमस्कार-चमत्कार. नवी मुंबईत नेरुळला राहणारी माझी धाकटी बहीण गेली कित्येक वर्षे "दादा, आमचा पाम बीच एकदा नीट बघून जा" असे म्हणत होती आणि मी ते हसण्यावारी नेत होतो. ज्या रस्त्यावर मैलभर चालले तरी एक दुकान लागत नाही, थांबण्याला निमित्त नाही, त्या रस्त्यावर पाहायचे तरी काय? शिवाय नावातच घोटाळा. पाम आहेत, ते हौसेने लावलेले आहेत. बीच मात्र कुठेच नाही. जे आहे ते खाडीचे चिखल आणि तिवरांचे रान.

तरीही भूमी अभिलेख खात्यात मोजणीचे काम करत तीस वर्षे काढलेल्या माणसाला नकाशावरची एक रेघ स्वस्थ बसू देत नाही. वाशीपासून बेलापूरपर्यंत, सुमारे दहा किलोमीटर, शहराच्या पश्चिम कडेने ओढलेली ही रेघ इतकी नितळ आहे, की ती कोणत्या जुन्या रेघेवर ओढली आहे हा प्रश्न माझ्यासारख्याला पडणारच. निवृत्तीनंतर वेळही होता. चार दिवसांचे कपडे भरले आणि दुपारी ठाण्याहून नेरुळची गाडी पकडली.

२००४ साली ही ठाणे-वाशी गाडी सुरू होण्याआधी बहिणीकडे जायचे म्हणजे कुर्ल्याला उतरून गाडी बदलायची किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने बसमध्ये धूळ खात जायचे. आता ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर अशी स्थानके ओळीने येतात आणि पाऊण तासाच्या आत नेरुळ येते.

संध्याकाळी भाचा कामावरून आला आणि मला गाडीत बसवून थेट वाशीला घेऊन गेला. रस्ता पाहायचा तर पहिल्यापासून पाहायचा, असे त्याचे म्हणणे. सानपाड्याच्या मोराज सर्कलपासून आम्ही दक्षिणेला निघालो. तीन मार्गिका जाणाऱ्या, तीन येणाऱ्या, मध्ये दुभाजकावर झाडे, डाव्या हाताला उंच इमारतींची रांग, उजव्या हाताला दुभाजकापलीकडे मावळतीचे आकाश आणि त्याखाली काळसर हिरवी पट्टी. गाडी जणू तेलावरून घसरत होती. मी काही विचारावे तोवर ती जागा मागे पडलेली असे. सिग्नल धरूनही पंधरा मिनिटांत महानगरपालिकेच्या मुख्यालयाचा घुमट समोर आला. भाचा अभिमानाने म्हणाला, "बघितलास मामा?"

मी हो म्हटले, पण खरे सांगायचे तर मला काहीही दिसले नव्हते. दिसला होता तो केवळ वेग. रात्री जेवताना मी जाहीर केले, की उरलेला रस्ता मी पायी पाहणार. बहिणीने पानात भाकरी वाढता वाढता विचारले, "पायी? दादा, तिथे पायी कोण जातं?"

दुसरा दिवस : तृतीया

सकाळी साडेसहाला वाशीत उतरलो. मार्गाचे हे टोक उरलेल्या मार्गासारखे नाही. इथे मॉल आहेत, वाहनांच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची दुकाने आहेत, कोपऱ्यावर पोह्यांची गाडी आहे. महामार्ग आणि रेल्वे ओलांडून सानपाड्याच्या हद्दीत शिरेपर्यंत रस्ता चारचौघांसारखा वागतो. मोराज सर्कलनंतर मात्र तो एकाएकी गप्प होतो. दुकाने संपतात, पाट्या विरळ होतात आणि पादचाऱ्याच्या लक्षात येते, की हा रस्ता आपल्यासाठी बांधलेला नाही.

पदपथ सलग नव्हता. काही ठिकाणी तो रुंद आणि फरसबंद, तर काही ठिकाणी झुडपांत हरवलेला. सकाळी धावणारी आणि सायकल चालवणारी माणसे भरपूर दिसली. सगळी भारी बुटांतली, कानात यंत्रे घातलेली. कुठेतरी पोचायचे म्हणून चालणारा त्या वेळी बहुधा मी एकटाच होतो. खाडीकडच्या बाजूला जाण्यासाठी एका सिग्नलवर उभा राहिलो, तर हिरवा माणूस दिसल्यापासून तो लाल होईपर्यंत माझे गुडघे मला दुभाजकापर्यंतच नेऊ शकले. उरलेला अर्धा रस्ता पुढच्या फेरीत. दुभाजकावर, पामच्या बुंध्याशेजारी, दोन्ही अंगांनी सुसाट जाणाऱ्या गाड्यांच्या मध्ये घालवलेली ती दोन मिनिटे या प्रवासातली सर्वांत अप्रतिष्ठित म्हणावी लागतील. या मार्गावरच्या अपघातांच्या बातम्या आपण सारेच वाचतो. त्या का घडतात हे दुभाजकावर उभे राहिले की सांगावे लागत नाही: मोकळा, सरळ, गुळगुळीत रस्ता दिसला की माणसाचा पाय आपोआप खाली जातो.

पण खाडीच्या बाजूला पोचलो आणि चित्र बदलले. कठड्यापलीकडे जमीन एकदम खाली उतरते. तिथे तिवरे आहेत, मधूनच चिपी, काठाकाठाने काटेरी पानांची मारांडी. ओहोटीची वेळ असल्यामुळे चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळे पेन्सिली रोवाव्यात तशी दाट दिसत होती आणि त्यांच्यामधून निवटे मासे सरपटत होते. आता वळून शहराकडे पाहिले. इमारतींची जोतीसुद्धा रस्त्यापेक्षा खालीच वाटली. दोन्हीकडे उतार आणि मध्ये उंच रस्ता. मोजणीदाराच्या डोळ्याला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. हा नुसता रस्ता नव्हे, हा बांध आहे.

ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या खाडीकाठी ज्यांनी काम केले आहे त्यांना खारबंदिस्ती ठाऊक असते. भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाजण जमीन शेतीखाली आणायची तर तिच्या समुद्राकडच्या अंगाला मातीचा आणि दगडाचा लांबच लांब बांध घालावा लागतो. त्याला बाहेरकाठा म्हणतात. बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवलेल्या असतात. पावसाचे गोडे पाणी ओहोटीला त्यांतून बाहेर सोडायचे आणि भरतीला त्या बंद ठेवायच्या, म्हणजे खारे पाणी आत येत नाही. आत खारेपण सोसणारे राता जातीचे भात पिकते. बाहेरकाठा सांभाळणे हे एकट्याचे काम नव्हे, अख्ख्या गावाचे. उधाणात कुठे खांड गेली, तर साऱ्या गावाने पाट्या-फावडी घेऊन धावायचे, कारण एका वेळचे खारे पाणी आत शिरले की पुढची काही वर्षे जमीन रुसते. नेरुळ, दारावे, करावे, सारसोळे, शिरवणे या आगरी-कोळी गावांनी पिढ्यानपिढ्या हेच केले. सातबाऱ्यावर 'खार' आणि 'खाजण' अशा नोंदी मी जिल्ह्यात किती ठिकाणी पाहिल्या असतील, याची गणती नाही.

मग शहर आले. मुंबई बेटावर उत्तर-दक्षिण अशी चिंचोळी वाढत असताना तिला खाडीपलीकडे पूर्वेला वळवावे, हा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६४ च्या सुमारास मांडला आणि पुढच्याच वर्षी 'मार्ग' या नियतकालिकात तो छापून आला. १७ मार्च १९७० रोजी हे नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन तिच्या अखत्यारीत आली आणि १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. शहर एका केंद्राभोवती न वाढवता वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर असे स्वतंत्र नोड, म्हणजे छोटी उपनगरे, आखायचे आणि ते रस्ता व रेल्वे यांनी जोडायचे, ही त्यामागची कल्पना. नकाशा पाहिला तर पूर्वेकडून पश्चिमेकडे महामार्ग, रेल्वे आणि पाम बीच अशा तीन रेघा जवळजवळ समांतर धावताना दिसतात, आणि पाम बीच ही सगळ्यांत बाहेरची रेघ.

या आखणीतली खरी कारागिरी जमिनीखाली आहे. अभियंत्यांनी सगळी सखल जमीन भराव घालून भरतीच्या पातळीच्या वर उचलली नाही. त्यांनी डच लोकांचे तंत्र घेतले. कडेला बंधारा घातला आणि आतल्या अंगाला धारण तलाव खोदले. शहराचे पावसाळी पाणी नाल्यांतून या तलावांत जमते. खाडीच्या तोंडाशी झडपा आहेत. भरतीच्या दाबाने त्या मिटतात आणि ओहोटी लागली की तलावातले साठलेले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. ज्वेल ऑफ नवी मुंबई म्हणून ज्या तलावाभोवती लोक संध्याकाळी हवा खायला जातात, तोही असाच धारण तलाव. हे सारे वाचताना मला हसू आले. डच तंत्र म्हणून ज्याची वाखाणणी होते ती आमच्या आगऱ्यांची उघाडीच. फरक एवढाच, की तिला आता लोखंडी झडप आहे आणि निविदा काढावी लागते. आजही गाळाने तलाव भरतो, तिवरे आत शिरतात, झडप अडकते आणि उधाणाच्या दिवशी मोठा पाऊस झाला की सखल सेक्टरांत पाणी तुंबते. खांड पूर्वी जात असे, तशीच आताही जाते. पाट्या-फावडी घेऊन धावणारे गाव तेवढे उरलेले नाही.

तासाभराने सारसोळ्याजवळ पोचलो. गाव रस्त्याच्या आत, शहराच्या अंगाला आहे आणि त्याची जेट्टी रस्त्याच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. म्हणजे गावाने आपल्याच होडीकडे जायचे तर सहा मार्गिका ओलांडायच्या. तिवरांतून जाणाऱ्या वाटेने मी जेट्टीवर उतरलो. चिखलात चार-पाच होड्या कुशीवर पडल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ सावलीत बसून पाग शिवत होते. मी "नाखवा, पाणी किती वाजता चढेल?" असे विचारले आणि सवयीने खिशातला फोन काढू लागलो, तर ते मान वर न करता म्हणाले, "आज तीज. तिथीची पाऊणपट करा. घड्याल बगाचं काम नाय."

तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणून सव्वादोनला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब थोड्याफार फरकाने बरोबर येतो, हे मी नंतर तक्ते पाहून पडताळले. भरती रोज जवळजवळ पन्नास मिनिटे उशिरा होते आणि तिथी सरासरीने रोज एक पुढे सरकते, एवढेच त्यातले गणित. पण हे गणित ज्याने पहिल्यांदा पाऊणपटीत बसवले त्याला नमस्कार करावासा वाटतो.

त्यांच्याशी बराच वेळ बोललो. खाडीत पूर्वी बोय, खरबी, कोळंबी, चिंबोऱ्या किती मिळत आणि आता काय मिळते. पाण्याचा वास कधी बदलला. गाळ कसा चढत गेला. तिवरांत त्यांच्या बामणदेवाचे ठाणे आहे आणि त्याचा भंडारा गाव अजूनही करते. रस्ता झाला तेव्हा काय वाटले, असे विचारल्यावर त्यांनी सुई थांबवली. त्यांचे उत्तर मी माझ्या भाषेत देतो: रस्ता आमच्या आणि पाण्याच्या मध्ये आला हे खरे, पण तो नसता तर इमारती इथवर, या जेट्टीपर्यंत आल्या असत्या.

दुपारी घरी परतलो तेव्हा पायांचे पोळे झाले होते. बहिणीने काही विचारले नाही, गरम पाण्याची बादली भरून ठेवली.

तिसरा दिवस : चतुर्थी

आजचा दिवस मी मुद्दाम उशिरा सुरू केला, कारण गणित हाताशी होते. चारची पाऊणपट तीन. भाच्याने रजा टाकली होती. दीडच्या सुमारास आम्ही टी. एस. चाणक्यच्या परिसरात पोचलो.

या संस्थेच्या नावातले टी. एस. म्हणजे प्रशिक्षण नौका, आणि ही नौका जमिनीवर आहे. १९२७ साली मुंबई बंदरात 'डफरिन' या जहाजावर व्यापारी नौदलाच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. १९७२ मध्ये तिची जागा 'राजेंद्र' या जहाजाने घेतली आणि ते जहाज थकल्यावर १९९३ मध्ये प्रशिक्षण इथे, करावे गावाच्या हद्दीत खाडीकाठी, आले. नावाला जहाज राहिले आणि खलाशी पाम बीचवर नांगरले गेले. पाम बीचच्या पश्चिम अंगाला ज्या थोड्या वास्तू आहेत, त्यांत ही संस्था आणि तिच्या शेजारची एनआरआय वसाहत या ठळक. त्यांच्या आसपास सखल पाणथळ जागा आहेत, आणि आम्ही आलो होतो त्या पाणथळींसाठी.

ओहोटीला ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. रोहित पक्षी, ज्यांना आता सगळेच फ्लेमिंगो म्हणतात, दिवसाचा मोठा भाग तिथे चरतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून, चिखलपाण्यातली निळी-हिरवी शेवाळे गाळून खाण्याची त्यांची पद्धत आहे आणि त्याच अन्नातल्या रंगद्रव्याने त्यांचे पंख गुलाबी होतात. पण भरती चढली की चरायची मैदाने पाण्याखाली जातात. उंच पाय असले तरी त्यांनाही कुठेतरी टेकावे लागते. तेव्हा ते थवे करून किनाऱ्यामागच्या उथळ पाणथळींवर येतात आणि ओहोटी लागेपर्यंत तिथे उभे राहतात. म्हणजे भरतीची वेळ चुकली तर इथे बगळ्यांशिवाय काही दिसत नाही, आणि साधली तर जे दिसते त्यासाठी लोक दुरून येतात.

दोन वाजून गेल्यावर पहिला थवा आला. आधी लांब, खाडीवर, धुरकट रेघ, मग ती वळली आणि पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला. एका मागून एक थवे येत राहिले. पाणी जेमतेम घोट्याएवढे. त्यात हजारो पाय. गुरगुरल्यासारखा एक अखंड आवाज, जो छायाचित्रांत कधीच येत नाही. त्यांच्यामागे, अगदी लगेच मागे, वीस-वीस मजली इमारती, आणि त्यांच्या खिडक्यांतून ऊन परतून पक्ष्यांवर पडत होते. आमच्या शेजारी दोन आजीबाई घडीच्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या. पलीकडे मोठ्या भिंगांचे कॅमेरे लावलेली मुले होती. भाचा या रस्त्यावरून रोज कामाला जातो. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "मामा, हे सगळं मी रोज ऐंशीच्या स्पीडने मागे टाकतो."

या चित्रात भर घालावी असे बरेच आहे आणि ते सगळे गोड नाही. खाडीचा उत्तरेकडचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पण भरतीला पक्षी जिथे टेकतात त्या या पाणथळी अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. घराचे जेवणघर संरक्षित आणि झोपायची खोली उघड्यावर, अशातला प्रकार. एनआरआय वसाहतीलगतच्या पाणथळीवर गोल्फचे मैदान आणि घरे करण्याचा प्रस्ताव होता. रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची परवानगी रद्द केली. नेरुळच्या डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव सुकू लागला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे रोहित पक्षी मेले. त्यानंतर झालेल्या आरडाओरड्याचा परिणाम म्हणून २०२५ मध्ये राज्याने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. पाणी आत यायची वाट मोकळी ठेवणे, हेच इथले मुख्य कर्तव्य. उघाडी पुन्हा आलीच.

परत येताना आम्ही खाडीच्या कडेने चाललो. ऊन कलले होते आणि रस्ता खरोखर सुंदर दिसत होता, हे मी नौपाडेकर म्हणून कबूल करतो. पण त्या सौंदर्याची फोड करत गेलो तेव्हा रस्त्याच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. इमारती मुंबईत असतात तशाच आहेत. काही तर चक्क कुरूप आहेत. पाम कुठेही लावता येतात. मोठ्या शहरांतल्या रस्त्यांना दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंना कुणीतरी बसलेले असते. या रस्त्याची एक बाजू बऱ्याच अंशी रिकामी आहे, आणि संध्याकाळचा सगळा उजेड त्या रिकाम्या बाजूने येतो. हे रिकामेपण कुणी शोभेसाठी आखलेले नाही. आधी चिखलाने ते राखले, कारण त्यावर पाया टिकत नसे. मग १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने, २००५ मध्ये तिवरांची तोड थांबवणाऱ्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि पुढे वनखात्याच्या कांदळवन कक्षाने. भरणी टाकून ते बळकावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. रात्रीच्या अंधारात राडारोड्याचे ट्रक कुठे रिकामे होतात, हे इथल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. तरी एवढे उरले आहे, आणि जे उरले आहे त्यावर नजर ठेवून फ्लॅटची किंमत ठरते. जाहिरातीत त्याला खाडीचा देखावा म्हणतात. देखाव्याचे पैसे तिवरांना मिळत नाहीत, सारसोळ्याच्या नाखव्यालाही नाहीत.

शहराच्या अंगाच्या जमिनीची कथाही याच रस्त्यालगतची. संपादनाचा मोबदला अपुरा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. नेरुळ-सानपाड्यात फिरताना गावठाणाच्या कडेला अचानक लागणाऱ्या इमारतींकडे बोट दाखवून लोक 'ही साडेबाराची' असे सहज म्हणून जातात. त्या दोन शब्दांमागचा गोळीबार नव्या रहिवाशांना बहुधा माहीत नसतो. माझ्या भाच्यालाही नव्हता.

रात्री बाल्कनीत बसलो. साडेअकरानंतर रस्त्याचा आवाज बदलतो. दिवसाची एकसुरी घरघर थांबते आणि मध्येच एखादी दुचाकी किंवा गाडी किंचाळत जाते, मग शांतता, मग दुसरी. बहीण म्हणाली, "सवय होते रे. पण पोरगा बाहेर असला की झोप लागत नाही." दोन वाजता पुन्हा जाग आली तेव्हा तिच्या खोलीतला दिवा चालू होता. मुलगा मात्र घरातच झोपला होता.

चौथा दिवस : पंचमी

आज परतायचे होते, म्हणून करावे ते बेलापूर हा शेवटचा तुकडा सकाळीच उरकला. उरकला असेच म्हणावे लागेल. इथे रस्ता रुंद आणि सुबक असला तरी पायी चालणाऱ्याला सांगण्यासारखे त्याच्याजवळ फारसे काही नाही. पावले मोजत किल्ले गावठाणाच्या चौकात पोचलो.

२०१४ साली सुरू झालेली महानगरपालिकेच्या मुख्यालयाची घुमटाची इमारत इथे आहे. ती मला भव्य वाटली, आवडली मात्र नाही. पण हा माझ्या वयाचा दोष असू शकेल. तिच्या जवळच, चढावर, झाडोऱ्यात, बेलापूरच्या किल्ल्याचे उरलेले अवशेष आहेत. पनवेलच्या खाडीचे तोंड राखण्यासाठी हे ठिकाण. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे धनी त्याने पाहिले. मराठ्यांनी १७३० च्या दशकात पोर्तुगिजांकडून तो घेतला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि म्हणून गावाचे नाव बेलापूर पडले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणून ती छान आहे.

एका ढासळत्या बुरुजाशी टेकून मी चार दिवसांची टिपणे चाळली. इथून खाडी, तिवरे आणि त्यांच्या कडेने वळत गेलेला रस्ता एकाच नजरेत येतात. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याचे काम पाण्याकडे पाहत राहण्याचे होते. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या काचा मात्र सगळ्या बंद होत्या.

दुपारी जेवून निघालो. भाचा स्टेशनवर सोडतो म्हणाला, पण मी बेलापूरकडून वाशीला जाणारी बस पकडली आणि डावीकडची खिडकी धरली, कारण त्या दिशेने जाताना खाडीची बाजू डावीकडे येते. बस सावकाश होती, हे माझे भाग्य. घड्याळात साडेतीन वाजले होते. पाचची पाऊणपट पावणेचार. तिवरांच्या भिंतीमुळे पाणी कुठे दिसत नव्हते. एवढ्यात एका नाल्यावरचा पूल आला आणि कठड्याच्या फटीतून खाली पाहायला मिळाले: परवा सकाळी जिथे नुसता चिखल आणि निवटे होते, तिथे पाणी काठोकाठ आले होते, आणि एक प्लास्टिकची बाटली त्यावर तरंगत, हळूहळू, शहराच्या दिशेने चालली होती.